दोन क्लिनिकमध्ये आयव्हीएफ करून झाल्यावर: रक्त दरवेळी घेतलं, आकडा एकदाही सांगितला नाही

पहिल्या क्लिनिकमधून माझी फाईल शेवटी हातात आली म्हणून लिहायला बसलेय. कितीतरी आठवडे मागत होते, दरवेळी "मॅडम, मेडिकल रेकॉर्डला सांगून ठेवलंय" एवढंच उत्तर. एएमएच किती असावं, इक्सी कधी करतात, ब्लास्टोसिस्ट म्हणजे काय, हे ज्या यातून जातायत त्यांना पाठ असतं, ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते अंडी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून पिकअपपर्यंतच्या, म्हणजे अंडी बाहेर काढण्यापर्यंतच्या, दहा-बारा दिवसांबद्दल. त्या दिवसांत क्लिनिक आपल्याला किती बघतं आणि बघितलेलं आपल्याला किती सांगतं, एवढंच.

माझी केस थोडक्यात सांगते. पीसीओडी (अंडाशयात लहान फॉलिकल जास्त), एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारं हार्मोन) जास्त, नवऱ्याचं स्पर्म काउंट बॉर्डरला. पहिली सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, पुण्यात, मोठ्या चेनच्या एका क्लिनिकमध्ये. दुसरी कोल्हापुरात माहेरी राहून, एका डॉक्टर मॅडमच्या छोट्या सेंटरमध्ये. दोन्हीची नावं देत नाहीये.

आधी पुण्याचं. जागा मस्त, मशीन नवीन, अपॉइंटमेंट वेळेवर, रिसेप्शनच्या मुली नीट बोलणाऱ्या, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण सोनोग्राफीला दरवेळी वेगळी डॉक्टर आणि स्क्रीन भिंतीकडे वळवलेली. मी आडवी पडून विचारायचे, किती एमएम झालेत हो? "ग्रोथ छान आहे मॅडम, टेन्शन घेऊ नका, संध्याकाळी मेसेज येईल." संध्याकाळी मेसेज यायचा, कधी सातला, कधी नऊला, आणि त्यात काय, तर "सेम डोस कंटिन्यू करा, परवा या". बस. पेनचं इंजेक्शन रोज ठरलेल्या वेळेला घ्यायचं असतं, त्यात डोस बदलणार की नाही ते कळायच्या आधीच वेळ टळून जायची, मग नवरा फोन लावत बसायचा आणि तिकडून कॉलर ट्यून ऐकू यायची.

एमएम एमएम करत ही बाई एवढी का मागे लागलीये असं वाटेल कुणाला. फॉलिकल, म्हणजे अंडं ज्यात वाढतं ती पिशवी, दिवसाला साधारण दीड ते दोन एमएम वाढतं. मोठी दोन-तीन सतरा-अठराला पोचली की ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनचं, ठरतं, आणि त्याआधी तेरा-चौदाच्या आसपास अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन सुरू करतात. म्हणजे सगळं त्या आकड्यांवर चाललेलं असतं आणि तेच आकडे जिच्या पोटातले आहेत तिला सोडून बाकी सगळ्यांना माहिती.

त्याहून जास्त मला लागलं ते रक्ताचं. जवळजवळ प्रत्येक व्हिजिटला इस्ट्राडायोल हार्मोनची टेस्ट, शेवटी शेवटी प्रोजेस्टेरॉन हार्मोनचीही. आधी काउंटरवर पैसे भरा, पावती दाखवा, मगच सिस्टर सुई हातात घेणार. पॅकेजमध्ये हे नव्हतं, इंजेक्शनं नव्हती, भूल नव्हती, "ऑल इन्क्लुझिव्ह" म्हणून जो आकडा सांगितला होता त्यात नक्की काय होतं ते बिल घेऊन बसलो तरी नवऱ्याला आणि मला लागलं नाही. इंजेक्शनं त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायची, एमआरपीवर एक रुपया सूट नाही, आमच्या हडपसरचा मेडिकलवाला त्याच पेनवर पंधरा टक्के सोडायला तयार होता. तेही सोडा. पण मी पैसे भरून दिलेल्या माझ्या रक्ताचा रिपोर्ट मला एकदाही दाखवला नाही. मागितला तर "तो डॉक्टरांच्या सिस्टिमवर जातो मॅडम". साधी शुगर तपासली तरी लॅबवाला रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवतो!

मग ट्रिगरचा दिवस. कोऑर्डिनेटरचा फोन आला, आज रात्री साडेनऊला घ्या. अर्ध्या तासाने मेसेज आला त्यात साडेअकरा. ट्रिगर घेतल्यापासून पिकअप ३४ ते ३६ तासांनी करतात, त्यामुळे दोन तास ही काही छोटी गोष्ट नाही. आम्ही इमर्जन्सी नंबर लावतोय, कुणी उचलत नाही, साडेनऊ वाजून गेले, इंजेक्शन भरून आइस पॅकवर ठेवलेलं आणि नवरा हॉलमध्ये फेऱ्या मारतोय. दहानंतर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फोन उचलला, म्हणाल्या आत्ता घेऊन टाका. दहा वीसला घेतलं. वेळ मी वहीत लिहून ठेवली. पिकअपला सकाळी साडेसातला बोलावलं, ओटीत घेईपर्यंत अकरा वाजून गेले, म्हणजे ३६ तास उलटून गेलेले. थोडं इकडेतिकडे चालतं, काही ठिकाणी त्याहून जास्तही थांबतात, हे नंतर मला डॉक्टरांनीच सांगितलं. पण त्या अख्ख्या सकाळी ट्रिगर किती वाजता घेतला हे मला एकाही माणसाने विचारलं नाही. नाव विचारलं, उपाशी आहात का विचारलं, दागिने काढले का विचारलं. ट्रिगरची वेळ नाही.

आदल्या सोनोग्राफीत "पंधरा-सोळा दिसतायत" म्हणणाऱ्यांनी पिकअपनंतर सांगितलं पाच मिळाली, तीन मॅच्युअर, म्हणजे वापरता येण्याजोगी. का? "कधीकधी होतं असं." तिसऱ्या दिवशी ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं. मधल्या दिवसांत फर्टिलाइज किती झाली याचा फोन नाही, ते ट्रान्सफरच्या टेबलवर कळलं. बीटा, म्हणजे प्रेग्नन्सीची रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आला तेही मेसेजवर, त्याच्याच खालच्या ओळीत फॉलोअपची अपॉइंटमेंट घ्या आणि कन्सल्टेशन फी किती ते. मी ऑफिसमध्ये होते.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा माझं म्हणणं एवढंच होतं की उपचार ठीक असतील, बोलणं वाईट आहे. त्यानंतर रात्री बसून फाईल नीट वाचली, आणि आता पुढचं लिहितेय ते वेगळं आहे.

फाईलमध्ये सगळे रक्ताचे रिपोर्ट आहेत. ट्रिगरच्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन १.९. हे १.५ च्या वर गेलं की बरेच डॉक्टर त्या सायकलमध्ये ट्रान्सफर करत नाहीत, एम्ब्रियो (गर्भ) फ्रीज करतात, कारण गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजायच्या वेळेच्या पुढे निघून गेलेलं असतं. कुणी म्हणेल हा आकडा वादाचा आहे, असेल. झालं नाही ते त्यामुळेच असं मी म्हणतच नाहीये, तीन अंड्यांमध्ये तसंही फार काही हातात नव्हतं. पण रिपोर्ट दुपारी आला होता, त्यावर वेळ छापलीये. तो कुणी बघितला का? बघून ठरवलं की चालेल, तर मला सांगायचं ना, की असं असं आहे, तरी आम्ही फ्रीज न करता लगेच ट्रान्सफर करतोय, या कारणासाठी. फाईलभर त्यावर एक शब्द लिहिलेला नाही. म्हणजे रक्त काढलं, पैसे घेतले, आकडा आला आणि फाईलला लागला. आता मला बोलणं आणि उपचार वेगळे काढता येत नाहीत. जो आकडा पेशंटला सांगायचाच नाही तो कुणी वाचला नाही तरी कुणाला कळणार?

फाईल कशी मिळाली तेही सांगते, कारण बऱ्याच जणी डिस्चार्ज समरी घेऊन गप्प बसतात. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं. ते वाक्य घालून लेखी मेल केला, तेव्हा कुठे हलले. शिवाय एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा, कायदा २०२१ चा, जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्यात क्लिनिकने जोडप्याचं काउन्सेलिंग करायचं, यशाची शक्यता, खर्च, साइड इफेक्ट सांगायचे आणि तक्रारींसाठी ग्रीव्हन्स सेल ठेवायचा असं स्पष्ट आहे. रिसेप्शनवर ग्रीव्हन्स सेल कुठे आहे विचारलं तर त्या मुलीने मला फीडबॅकचा क्यूआर कोड दाखवला.

आता कोल्हापूर. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला हे सेंटर आवडलं नव्हतं. जिना चढून जायचं, बाकावर बसायचं, मशीन जुनं, नंबर लागेपर्यंत दोन-दोन तास. आई म्हणाली, अगं पुण्यातलं सोडून हे काय बघितलंस. त्यात मॅडम रक्तच घेईनात. मला वाटलं हे तर त्यांच्याहून ढिसाळ. विचारलं तेव्हा म्हणाल्या, रोज रक्त घेऊन तुमच्या डोसमध्ये काही बदलणार असेल तर घेईन, नाहीतर तुमचे पैसे कशाला घालवू. माझा विश्वास बसला नाही, घरी येऊन वाचलं. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०२१ चा रिव्ह्यू आहे, नुसत्या सोनोग्राफीवर लक्ष ठेवणं आणि सोनोग्राफीसोबत इस्ट्राडायोल करणं यात प्रेग्नन्सीच्या बाबतीत फरक पडतो असा पुरावा त्यांना सापडला नाही. पुरावा कच्चा आहे असंही ते म्हणतात, आणि ज्यांना ओएचएसएसचा, म्हणजे इंजेक्शनांनी अंडाशय फार सुजण्याचा, धोका आहे त्यांच्यासाठी काळजी म्हणून रक्त करणं ठीक. मॅडमनी नेमकं तसंच केलं, ट्रिगरच्या दिवशी इस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही केलं, कारण मी पीसीओडीवाली. जास्त टेस्ट म्हणजे चांगलं मॉनिटरिंग हे माझं डोक्यात बसलेलं तिथे निघालं.

सोनोग्राफी दरवेळी मॅडम स्वतः करायच्या, रविवारीसुद्धा. स्क्रीन माझ्याकडे वळवलेली. त्या मोठ्याने सांगणार, "राइट, सतरा, सोळा, सोळा, चौदा, लहान बरेच", आणि सिस्टर बाजूला उभी राहून चार्टवर लिहिणार, तारीख, सायकलचा दिवस, उजवीकडची, डावीकडची, अस्तर, आजचा डोस, उद्याचा डोस. एकच पान, सायकल संपेपर्यंत तेच. निघताना सिस्टर म्हणायची, "ताई, फोटो काढला का?" मी त्या पानाबद्दल घरात इतकं बोललेय की नवरा म्हणतो फ्रेम करून लाव. पण खरंच, त्या एका पानाने माझी झोप परत आली. डोस तिथल्या तिथे कळायचा, आणि बदल असेल तर सहाच्या आत फोन.

ट्रिगरसाठी वेगळा कागद. औषधाचं नाव, तारीख, वेळ आकड्यात आणि अक्षरात, खाली सही. सिस्टरने माझ्याकडून तो वाचून घेतला, "रात्री साडेदहा म्हणजे आजची रात्र, बरोबर ना ताई?" घेतल्यावर रिकाम्या व्हायलचा फोटो पाठवायचा. पीसीओडी आहे म्हणून एचसीजी इंजेक्शनऐवजी ल्युप्रोलाइड या औषधाचा ट्रिगर दिला, त्याने ओएचएसएसचा धोका कमी होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एलएच हार्मोन बघायला रक्त, म्हणजे ट्रिगर लागू पडला की नाही ते पिकअपच्या आधीच कळतं. ती टेस्ट त्यांनी स्वतःहून सांगितली आणि रिपोर्ट माझ्या हातात दिला. पिकअपच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी, सिस्टरने आणि मॅडमनी, तिघांनी वेगवेगळं विचारलं, ट्रिगर किती वाजता. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं, सिस्टरला वाटलं मी घाबरलेय.

अंडी भरपूर मिळाली म्हणून सगळं फ्रीज केलं, त्या वेळी ट्रान्सफर नाही. घरी जाताना सांगितलं, रोज वजन करा, पोटाचा घेर मोजा, लघवी कमी झाली, दम लागला किंवा एका दिवसात किलोभर वजन वाढलं तर रात्री दोनलाही फोन करा. नंबर मॅडमचा स्वतःचा. मी एकदा केला, पोट फार फुगलं होतं म्हणून, दुसऱ्या रिंगला उचलला. एम्ब्रियोलॉजिस्टचा, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवणाऱ्यांचा, फोन दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी. ग्रेड काय, त्या ग्रेडचा अर्थ काय, किती फ्रीज केले, सगळं सांगून वर लेखी.

फ्रोझन ट्रान्सफर झालं. बीटा आला पण कमी आला, आणि दोन दिवसांनी दुप्पट व्हायच्या ऐवजी निम्म्यावर उतरला. मॅडमचा फोन आला, आधी विचारलं घरी आहात का, सोबत कोण आहे, मग सांगितलं. फीचा विषय नाही. पुढच्या आठवड्यात दोघांना बोलावून तेच चार्टचं पान समोर ठेवून अर्धा तास बोलल्या, काय पुढच्या वेळी बदलणार, काय नाही बदलणार आणि काय त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणजे निकाल दोन्हीकडे तोच, हातात काही नाही. तरी पुण्याला मी पाचातला एक देते, तोही पिकअपच्या दिवशीच्या मावशींसाठी, ज्यांनी माझे पाय पांघरुणात गुंडाळले. कोल्हापूरला चार. एक कापला कारण वाट फार बघावी लागते, आणि इंजेक्शनांचं मेडिकल तिथेही त्यांचंच, सूट पाच टक्के, मी बाहेरून आणते म्हटलं तर कोल्ड चेनचं कारण सांगितलं. पेन दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं हे खरं, पण बाहेरचा मेडिकलवालाही आइस पॅकच्या डब्यातच देतो, तेव्हा हे मला पटलेलं नाही आणि पुढच्या वेळी मी परत विचारणार आहे. फ्रीजिंगचं वर्षाचं भाडं वेगळं, ते आधीच लेखी सांगितलं होतं म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतं, आमची तेवढं थांबायची तयारी नाही.

कुठे सुरू करणार असाल तर पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा. सोनोग्राफीचे आकडे त्याच दिवशी लेखी देता का, रक्ताचा रिपोर्ट माझ्या नावावर मेल होतो का, आणि ट्रिगरच्या रात्री फोन कोण उचलतं. सक्सेस रेट सगळेच सांगतात. या तीनवर रिसेप्शनकडे बघितलं जातं की डॉक्टर स्वतः उत्तर देतात, ते बघा.

पुण्याला १.९ च्या रिपोर्टबद्दल लेखी विचारलंय, तो मला का सांगितला नाही आणि तो वाचून निर्णय कुणी घेतला. पोच आलीये, उत्तर नाही. कोल्हापूरला पुढचं ट्रान्सफर दिवाळीनंतर.