नीटचे गुण की सीईटीचं पर्सेंटाइल: निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा?

२०२५ च्या जून महिन्यात, नीटचा (मेडिकलची देशभरातली प्रवेश परीक्षा) आणि सीईटीचा (फार्मसी, कृषीसारख्या शाखांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) निकाल एकाच आठवड्यात लागला तेव्हा, शहाद्याजवळच्या एका गावातून माझ्या विद्यार्थिनीचे वडील पेढे घेऊन घरी आले. हातात दोन कागद. एकावर नीटचे १५२ गुण आणि शेजारी 'पात्र'. दुसऱ्यावर एमएचटी-सीईटी पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र हा गट), ८४ पर्सेंटाइल. गावात सगळे एकच विचारत होते, "कितला मार्क पडनात?" आणि त्यांना दोन वेगवेगळी उत्तरं द्यावी लागत होती. मला म्हणाले, "मॅडम, यातला कोणता कागद खरा धरू? पोरीला पुन्हा नीटला बसवू की फार्मसीला टाकू?"

दरवर्षी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेकडो घरांत हाच प्रश्न असतो. दोन्ही कागद खरेच असतात. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या तराजूंवर मोजलेले असतात, आणि ते तराजू कसे चालतात हे आपल्याला कोणी बसवून सांगत नाही.

नीट: आधी वजन, मग रांग

नीटचा हिशेब वरून सरळ आहे. २०२५ मध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण होते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ जातो, सोडलं तर शून्य. (२०२१ ते २०२४ या काळात २०० पैकी १८० सोडवायची मुभा होती. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना हे ध्यानात ठेवा.) मे महिन्यातल्या एका रविवारी सगळ्या देशाने एकच परीक्षा दिलेली असल्यामुळे गुणांवर कोणतीही प्रक्रिया होत नाही. जे पडले ते पडले.

गोंधळ होतो तो पुढे. पात्रता गुणांवर नाही, पर्सेंटाइलवर ठरते. खुल्या वर्गाला ५०, तर ओबीसी, एससी, एसटीला ४० पर्सेंटाइल. म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या बरोबरीचे किंवा मागे असले की तुम्ही पात्र. २०२५ मध्ये ही रेषा खुल्या वर्गासाठी १४४ गुणांवर आली, राखीव वर्गांसाठी ११३ वर. ७२० पैकी १४४ म्हणजे वीस टक्के! ज्या मुलीच्या घरी पेढे वाटले तिच्यापुढे देशात दहा लाखांहून जास्त मुलं होती. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास. 'पात्र' या शब्दाने बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) सारख्या दारांशी उभं राहता येतं, पण एमबीबीएसच्या रांगेत तो शब्द फारसा कामाचा नाही. हे सांगताना मला त्या वडिलांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. मागच्या वर्षीच्या गुणांवरून यंदाचा अंदाज बांधू नका. २०२४ मध्ये सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्याला ६८६. २०२५ मध्ये ६०० च्या वर सुमारे तेराशे मुलं होती, तर त्याच ६०० गुणांना २०२४ मध्ये पाऊण लाखाच्या पुढचा क्रमांक मिळाला होता. गुण तेच, पण एका वर्षी देशातली नामांकित महाविद्यालयं समोर, तर दुसऱ्या वर्षी सरकारी जागेसाठी देव पाण्यात. रावेरच्या केळीसारखंच आहे हे: काट्यावरचं वजन बदलत नाही, भाव मात्र त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो. म्हणून कोणी "गेल्या साली इतक्याला लागलं होतं" म्हणाला, तर त्याला गुण नाही, अखिल भारतीय क्रमांक विचारा. दोन वर्षांची तुलना क्रमांकावरच होते.

एका प्रश्नाने काय होतं तेही २०२४ ने दाखवलं. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरं बरोबर धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, एकच उत्तर ग्राह्य ठरलं, आणि चार लाखांहून अधिक मुलांचे एकदम पाच गुण गेले. चार मिळालेले गेले, वर एक कापला गेला. म्हणून उत्तरतालिका आली की आपल्या ओएमआरशी, म्हणजे गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेशी, एकेक गोल ताडून बघा. हरकतीला प्रश्नामागे २०० रुपये लागतात, पण खात्री असेल तर ते घालावेत.

गुण समान पडले तर आधी जीवशास्त्र बघतात, मग रसायन, मग भौतिक. त्यानंतर चुकलेल्या आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण.

सीईटी: इथे वजन दिसतच नाही

पीसीबीच्या सीईटीत २०० प्रश्न, २०० गुण: भौतिक ५०, रसायन ५०, जीवशास्त्र १००. चुकीला दंड नाही. सुमारे २० टक्के अकरावी, ८० टक्के बारावी, राज्य मंडळाच्या पुस्तकांवर. पण ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. मग सोमवारी सकाळी बसलेल्या मुलाची तुलना गुरुवारी दुपारी बसलेल्या मुलीशी कशी करायची? म्हणून पर्सेंटाइल.

समजा तुमच्या सत्रात १०,००० मुलं होती आणि तुम्हाला २०० पैकी १२० पडले. १२० किंवा त्याहून कमी गुण असलेली मुलं ८,४०० असतील, तर तुमचं पर्सेंटाइल ८४. दुसऱ्या सत्राचा पेपर सोपा निघाला तर तिथे त्याच १२० ला ७९ सुद्धा मिळेल. त्यामुळे "मला १२० पडले तरी तिला जास्त पर्सेंटाइल कसं?" यात अन्याय नाही, तिची स्पर्धा तिच्या सत्राशी होती. आणखी एक: तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाइल नव्हे. एकूण गुणांची रांग वेगळी लावतात. दरवर्षी कोणीतरी पालक बेरीज करून तीनाने भागतात आणि 'चूक झाली' म्हणून धावत येतात.

८४ पर्सेंटाइल म्हणजे ८४ टक्के नव्हेत, हेही पुन्हा सांगते. आणि ९० पर्सेंटाइलही दोन्हीकडे सारखं नाही. नीटला २०२५ मध्ये सुमारे २२ लाख बसले, त्यात ९० पर्सेंटाइल म्हणजे पुढे दोन लाख वीस हजार. सीईटीच्या पीसीबीला पावणेतीन लाख धरले तर पुढे साडेसत्तावीस हजार. पहिल्यात एमबीबीएस बहुतेकांना दूर, दुसऱ्यात फार्मसी आणि कृषीचे बरेच दरवाजे उघडे.

मेडिकल सीईटीवर नाही, हे अजूनही काही आजोबांना पटत नाही, कारण त्यांच्या काळात होतं. २०१६ पर्यंत, मधलं २०१३ सोडलं तर, राज्यातली एमबीबीएसची जागा एमएचटी-सीईटीवर मिळत असे. २०१७ पासून फक्त नीट.

मग कुठे किती जीव लावायचा?

अकरावीत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: अभ्यास नीटचा करा, परीक्षा दोन्ही द्या. जीवशास्त्राचा वाटा दोन्हीकडे निम्मा आहे, त्यामुळे ती मेहनत वाया जात नाही. फक्त सीईटी डोळ्यासमोर ठेवली तर अकरावी सुटते, आणि अकरावी सुटली की नीट सुटली.

अंदाजाने उत्तर देण्याचा नियम मात्र वेगळा. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटमध्ये चारही पर्याय अनोळखी असतील तर चार तुक्क्यांत सरासरी एक लागतो: चार मिळतात, तीन जातात. २० तुक्के मारले तर सरासरी ५ गुण पदरात, पण फक्त दोनच लागले तर १० गुण खिशातून. दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील तर जरूर लिहा.

नंदुरबार, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या मुलांनी सर्वसाधारण क्रमांकाबरोबर प्रवर्गाचा क्रमांकही बघावा. राज्याच्या कोट्यात एसटीला ७ टक्के जागा आहेत आणि तिथली रांग वेगळी. सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून भरतात. पूर्वी राज्यात ७०:३० ची विभागीय वाटणी होती, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ती २०२० मध्ये गेली. आता धुळ्याच्या किंवा जळगावच्या जागेवर लातूरचं मूल येतं आणि आपलं मूल नागपूरला जाऊ शकतं. घराजवळ कॉलेज आहे म्हणून क्रमांकात सवलत मिळत नाही.

पुन्हा बसायचं का?

त्या दिवशी मी मुलीचा ओएमआर उघडला. १६८ प्रश्न सोडवले होते, ६४ बरोबर, १०४ चूक. २५६ उणे १०४, म्हणजे १५२. मग विषयवार मांडलं. जीवशास्त्र: ३८ बरोबर, ४६ चूक, १०६ गुण. रसायन: १५ बरोबर, २७ चूक, ३३ गुण. भौतिक: ४२ सोडवले, ११ बरोबर, ३१ चूक. तेरा गुण.

४२ पैकी ११ म्हणजे प्रश्न न वाचता गोल रंगवले असते तरी जवळपास एवढेच आले असते. सीईटीच्या कागदावर हे झाकलं गेलं होतं, कारण तिथे दंड नाही आणि तुक्क्यानेच पन्नासात बाराएक मिळतात. तरी तिचं भौतिकशास्त्राचं पर्सेंटाइल जीवशास्त्रापेक्षा बरंच खाली होतं. विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, अकरावीत वर्षभर फिजिक्सला सरच नव्हते." तिच्या डोक्यात कमी नव्हतं, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

म्हणून रिपीटचा निर्णय एकूण गुणांवर घेऊ नका, बरोबर-चूक विषयवार मांडून घ्या. ४०० च्या आसपास गुण असतील आणि गळती एकाच विषयात असेल, तर एक वर्ष द्यावं, मी स्वतः पाठीशी उभी राहते. पण ५०० गाठायचे तर तिला साधारण १३५ बरोबर आणि ४० चूक, एवढं जमायला हवं होतं. ६४ वरून १३५. दुपटीहून अधिक, तेही भौतिकशास्त्र पहिल्या पानापासून शिकत. मी वडिलांना सांगितलं, या वर्षी फार्मसी घ्या.

मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज भरायला दोघं बापलेक एसटीने शिरपूरला गेले. जाताना तिने अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक माझ्याकडून मागून नेलं. अजून परत केलेलं नाही, आणि मीही मागितलेलं नाही.