मुख्याध्यापक साहाय्य कक्ष : आठशे रुपये वर्गणीचा तीन वर्षांचा हिशेब

आमच्या जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षक संघटनेने तालुक्याच्या गावी मुख्याध्यापकांसाठी साहाय्य कक्ष सुरू केला, त्याची मी गेली तीन वर्षे वर्गणीदार आहे. नेहमीच्या सभासद वर्गणीखेरीज वर्षाला आठशे रुपये वेगळे भरावे लागतात आणि त्याबदल्यात चार गोष्टी मिळतील असे माहितीपत्रकात छापलेले आहे : दूरध्वनीवर मार्गदर्शन, पत्रव्यवहाराचे नमुने, नोटिशींना उत्तरे तयार करून देणे आणि मुख्याध्यापकांचे प्रश्न प्रशासनापुढे मांडणे. पहिल्या तीन कामांबद्दल मला चांगलेच लिहायचे आहे. चौथ्याबद्दल मात्र तक्रार आहे, आणि मी वर्गणी भरली ती मुख्यतः त्या चौथ्यासाठी. संघटनेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असे कक्ष आता इतरत्रही निघू लागले आहेत आणि ज्यांना आपल्याकडच्या कक्षाचे मोल जोखायचे असेल त्यांना हा अनुभव नावाशिवायही उपयोगी पडेल.

आधी माझी परिस्थिती सांगते, कारण सेवा कोणासाठी आहे हे कळल्याशिवाय ती कशी आहे हे सांगता येत नाही. जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, चौसष्ट मुले आणि आम्ही तीन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत मुलांना दोन आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन शिक्षक मिळतात. पहिली ते पाचवीला मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद मात्र मुले दीडशेच्या वर गेल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आमच्या शाळेला मुख्याध्यापक नाही, आणि इतर प्रत्येक कागदाच्या दृष्टीने आहे. सेवाज्येष्ठतेने प्रभार माझ्याकडे आला. चौथी आणि पाचवी हे दोन्ही वर्ग माझ्याकडे आहेत, आणि वर्गात शिकवत असतानाच युडायस, सरल, शालार्थ, अपार यांच्या ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराची रोजची नोंद, शाळा अनुदानाची देयके, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, दाखले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांसमोर ठेवायच्या फायली ही कामेही माझीच आहेत. अशा प्रभारी मुख्याध्यापकाला शाळेत विचारायला कोणी नसते, आणि केंद्रप्रमुखांकडेही इतक्या शाळा असतात की त्यांना रोज फोन करणे आपल्यालाच प्रशस्त वाटत नाही.

कक्षाचा पहिला खरा उपयोग मला तांदळाने करून दिला. एका पावसाळ्यात ऑनलाइन शिल्लक आणि कोठीतील तांदूळ यांत छत्तीस किलोंचा फरक निघाला. पोर्टलवर जास्त आणि कोठीत कमी, म्हणजे कोणीही पाहिले तर तांदूळ मुख्याध्यापिकेने घरी नेला असेच म्हणावे. रात्री नऊ वाजता मी कक्षाला फोन केला. पलीकडे एक निवृत्त केंद्रप्रमुख होते. त्यांनी धीराचे शब्द वगैरे न बोलता सरळ विचारले, "मॅडम, तुम्ही वरिष्ठांना पत्र लिहिले का?" मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "उत्तम. आधी तांदूळ मोजा, समितीच्या अध्यक्षांसमोर पंचनामा करा, मग चव रजिस्टर आणि हजेरी शेजारी-शेजारी ठेवून पोर्टलवर न गेलेले दिवस शोधा. पत्र सगळ्यांत शेवटी." दुसऱ्या दिवशी तसे केल्यावर सहा दिवस सापडले. त्या आठवड्यात गावात नेटवर्क नव्हते. तांदूळ शिजला होता, मुले जेवली होती, जेवण चाखून सही करायच्या चव रजिस्टरवर पालकांच्या सह्या होत्या, फक्त नोंद वर पोहोचली नव्हती. पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ आणि साठच्या आसपास हजेरी, म्हणजे दिवसाला सहा किलो. सहा दिवसांचे छत्तीस. हिशेब इतका सोपा होता, पण त्या रात्री मला तो सुचला नसता. मी घाबरून आधी खुलासा पाठवला असता आणि त्या खुलाशाचाच पुढे कबुलीजबाब झाला असता.

हीच पद्धत मला माहितीच्या अधिकारातील एका अर्जाच्या वेळी उपयोगी पडली. गावाबाहेरच्या एका गृहस्थांनी दहा वर्षांच्या पोषण आहाराच्या सर्व नोंदी, सर्व पावत्या, रिकाम्या बारदानाचा हिशेब आणि सर्व शिक्षकांच्या रजेचे अर्ज कारणांसह मागितले होते. जन माहिती अधिकारी या नात्याने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, एवढेच मला ऐकून माहीत होते, आणि त्या धास्तीने मी दोन रविवार झेरॉक्सच्या दुकानात घालवायच्या बेतात होते. कक्षाने उत्तराचा मसुदा दोन दिवसांत दिला. त्यात माहिती नाकारलेली नव्हती. पाने मोजून सुमारे अकराशे पानांचे प्रत्येकी दोन रुपयांप्रमाणे बावीसशे रुपये भरावेत किंवा कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे असे कळवले होते, आणि रजेच्या अर्जांतील आजारपणाचा तपशील ही वैयक्तिक माहिती असल्याचे कलम ८(१)(ञ) चा उल्लेख करून नोंदवले होते. अर्जदार आजतागायत पैसे भरायला किंवा अवलोकनाला आलेले नाहीत. मसुद्याची भाषा नम्र होती आणि कोठेही कुरकूर नव्हती, हे मला विशेष वाटले. आपल्याकडे माहिती अधिकाराला दिलेली उत्तरे एक तर थरथरत लिहिलेली असतात किंवा गुर्मीत.

२०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे बाहेर काढण्याचे आदेश आले. आमच्याकडचे सर्वांत जुने रजिस्टर १९३१ सालचे आहे. पाने हात लावताच तुटतात आणि सुरुवातीच्या बऱ्याच नोंदी मोडी लिपीत आहेत. मला मोडी येत नाही, तालुक्यात वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि सगळ्या शाळांना एकाच आठवड्यात माहिती द्यायची होती. कक्षाने मोडी जाणणाऱ्या एका वयोवृद्ध गुरुजींना चार दिवस बसवून घेतले. मी आमचे रजिस्टर मऊ कापडात गुंडाळून एसटीने घेऊन गेले. गुरुजींनी भिंग लावून ओळ न् ओळ वाचली आणि मी शेजारी बसून देवनागरीत उतरवून घेतली. वाचता वाचता ते एका नोंदीवर थांबले आणि शाळा सोडल्याच्या रकान्यात 'गुरे राखणेकरिता' असे लिहिल्याचे मला दाखवले. या कामाचे वेगळे पैसे कक्षाने घेतले नाहीत. वर्गणीपत्रकात नसलेले काम त्यांनी केले, म्हणून ते येथे नोंदवते.

उणिवा किरकोळही आहेत आणि मोठ्याही. किरकोळ अशा की पत्रांचे नमुने बहुतेक युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे मोबाइलवर उघडले की अक्षरांचा चुरा दिसतो आणि सगळे पुन्हा टंकलिखित करावे लागते. कक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसाला इतके संदेश येतात की वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर त्याचे, पत्र गाडले जाते. मी ते एकदा चार दिवसांनी पाहिले. बैठका रविवारी दुपारी तालुक्याला होतात. मुख्याध्यापिकांची संख्या एवढी असताना कक्षात फोन उचलणाऱ्यांत एकही बाई नाही. बाळंतपणाच्या रजेचा प्रभार कोणाकडे द्यावा, एकटीने शाळा उघडताना घडणाऱ्या प्रकारांची तक्रार कोठे करावी, असे प्रश्न त्यामुळे आम्ही आपसांतच विचारतो.

मोठी उणीव चौथ्या कामाची, म्हणजे आमची बाजू प्रशासनापुढे मांडण्याची आहे. मतदारयाद्यांच्या कामाचे उदाहरण घेते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम देता येत नाही, आणि मतदारयाद्या तपासण्याचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेरच करून घ्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलेले आहे. कक्षाचे तयार पत्र या दोन्हींचा नेमका हवाला देते आणि पत्र म्हणून ते निर्दोष आहे. पण ते प्रत्येकाने आपापल्या सहीने द्यायचे असते. तीन शिक्षकी शाळेतील प्रभारी मुख्याध्यापिकेने तहसील कार्यालयात एकटीने कलम दाखवणे आणि संघटनेने तालुक्यातील सर्व शाळांच्या वतीने निवेदन देणे यांतील फरक कक्षाला कळत नसेल असे मी मानत नाही. माझ्या हाती पत्र देऊन कक्ष बाजूला होतो, आणि पुढचा राग-लोभ माझ्या वाट्याला येतो.

मागण्यांच्या यादीतही हेच दिसते. गेल्या निवेदनात अकरा मागण्या होत्या. जुनी निवृत्तिवेतन योजना पहिली आणि १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय रद्द करावा ही दुसरी. या दोन्हींबद्दल माझे काही म्हणणे नाही. यादी करायला मला बसवले असते तर मीही निवृत्तिवेतन पहिलेच लिहिले असते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वीसच्या आतील पटसंख्येच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्ह्याच्या ठिकाणी मोर्चा निघाला तेव्हा मी उन्हात चालले होते. परंतु मुख्याध्यापकांना लेखनिक साहाय्य मिळावे ही मागणी नवव्या क्रमांकावर होती, केंद्रप्रमुखाच्या स्तरावर एक संगणकचालक असावा हे तिच्यातच एका शब्दात उरकलेले होते, आणि दीडशेच्या आतील शाळांत प्रभार सांभाळणाऱ्यांना आठवड्यातून काही तास वर्गाबाहेर मिळावेत ही मागणी यादीत नव्हतीच. प्राथमिक वर्गांसाठी कायद्याने वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन ठरवून दिले आहे. माझ्या दोन वर्गांना त्यांतले किती मिळतात, हा प्रश्न मुलांच्या बाजूने विचारला तर कोणत्याही अधिकाऱ्याला ऐकून घ्यावा लागेल. तो तसा कोणी विचारत नाही. मुख्याध्यापकाचा वेळ हा मुख्याध्यापकाच्या सोयीचा विषय समजला जातो आणि सोयीच्या मागण्या खालीच राहतात.

मी हे कक्षाच्या वार्षिक बैठकीत उभे राहून बोलले. उत्तर मिळाले की प्रभारींची संख्या मोठी असली तरी प्रभार कायमचा नसतो, त्यामुळे त्यांचा वेगळा संवर्ग करून मागणी लावता येत नाही. तांत्रिक दृष्ट्या हे बरोबर असेल. माझ्याकडे प्रभार आल्याला सात वर्षे झाली आहेत.

दुसरा प्रसंग अधिक लागला. गावातील एका वजनदार माणसाने शाळेच्या मैदानात वाळूचा ढीग टाकला. मी हटवण्याची लेखी विनंती केल्यावर त्यांनी माझ्याच विरुद्ध पंचायत समितीत तक्रार केली की बाई वेळेवर येत नाहीत. कक्षाने कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर नेहमीप्रमाणे चांगले लिहून दिले, हजेरीपत्रक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव कसा जोडायचा तेही सांगितले. पण माझ्यासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे येण्याची विनंती केली तेव्हा पदाधिकाऱ्यांनी दोनदा वेळ बदलली आणि शेवटी, "मॅडम, गावातच मिटवून घ्या," असा सल्ला दिला. त्यांची अडचण मला समजते. पदाधिकारी स्वतः याच पंचायत समितीखाली नोकरी करतात, त्यांच्याही बदल्या आणि वेतनवाढी तेथूनच जातात. म्हणूनच फोन उचलायला निवृत्त माणसे बसवली तशी सोबत यायलाही निवृत्तच माणसे हवीत, असे मी लेखी सुचवले आहे. त्याला अद्याप उत्तर नाही. शेवटी माझ्याबरोबर आल्या त्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, चौथीतल्या एका मुलीची आई. शेतावरची मजुरी बुडवून त्या दिवसभर कार्यालयाच्या बाकावर बसल्या, आणि साहेबांना त्यांनी एवढेच सांगितले की शाळेचे कुलूप बाई उघडतात ते मला माझ्या ओट्यावरून दिसते. नोटीस निकाली निघाली. वाळू दोन महिन्यांनी हलली.

या वर्षीची वर्गणी मी भरली आहे. नव्याने प्रभार आलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या शाळेत दुसरे अनुभवी माणूस नाही त्यांनी, पहिली दोन वर्षे तरी ती जरूर भरावी. पोषण आहार, माहिती अधिकार आणि लेखापरीक्षण या तीन बाबतींत आठशे रुपयांत यापेक्षा चांगला सल्ला तालुक्यात मिळणार नाही. उच्चश्रेणी मुख्याध्यापकांना, ज्यांच्या हाताखाली सात-आठ शिक्षक आहेत, त्यांना नमुन्यांखेरीज फारसे काही मिळेल असे वाटत नाही. आपल्यासाठी कोणी भांडेल या अपेक्षेने मात्र कोणी भरू नये. फोन संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत लागतो, परीक्षेच्या आणि युडायसच्या दिवसांत दोन-तीनदा लावावा लागतो. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, ती मागून घ्यावी.