पडद्यावरची बंदूक ओळखताना भरवसा कशावर: डोळा, माहितीकोश की फोटोशोध?

आधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुम्हाला पात्राच्या हातातली बंदूक ओळखायची आहे की नटाच्या हातातली? 'डॉ. नो' (१९६२) मध्ये जेम्स बाँडला वॉल्थर पीपीके दिलं जातं, संवादातही तेच नाव येतं. कॅमेऱ्यासमोर मात्र आहे वॉल्थर पीपी, त्याच घराण्यातलं थोडं मोठं पिस्तूल. कथेपुरतं पीपीके बरोबर, वस्तू म्हणून चूक. कोणतं साधन वापरायचं, ते तुम्हाला यातलं कुठलं उत्तर हवं आहे यावर ठरतं.

वस्तूच ओळखायची असेल, तर चित्र थांबवून स्वतः पाहण्याला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीला वेळ लागतो, पण खुणा फार नाहीत. पिस्तुलाच्या स्लाइडचा (गोळी झाडताना मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) माथा उघडा असून त्यातून नळी दिसत असेल, तर बेरेटा ९२ चं घराणं. मग सेफ्टीचा खटका कुठे आहे ते पाहा: स्लाइडवर असेल तर बेरेटा ९२एफएस, खाली फ्रेमवर (मुठीसकटच्या न सरकणाऱ्या सांगाड्यावर) असेल तर बहुधा ब्राझीलचं टॉरस पीटी९२. मागच्या बाजूला हॅमरच (ट्रिगर दाबल्यावर आपटणारा खटका) दिसत नसेल आणि सगळा आकार चौकोनी असेल, तर ग्लॉकची शक्यता मोठी. रायफलींमध्ये एकेचं, म्हणजे कलाश्निकोव्हचं, कुटुंब सगळ्यात जास्त फसवतं. पडद्यावर दिसलेल्या प्रत्येक एकेला लोक 'एके-४७' म्हणून मोकळे होतात. नळीचं टोक तिरकं कापल्यासारखं असेल तर ती बहुतेक १९५९ नंतरची एकेएम. टोकाला मोठा दंडगोल आणि लाकडी दस्त्यावर आडवी खाच असेल तर एके-७४. माशीभोवती (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाजवळ असलेली खूण) पूर्ण बंद कडं असेल तर चिनी टाइप ५६. ही तीनच ठिकाणं पाहायची सवय लागली, तरी निम्म्या चुका टळतात.

डोळ्याचा आणखी एक फायदा दुसऱ्या कुठल्याच साधनात नाही: बंदूक खरी आहे की नुसती दिखाऊ, हेही कळू शकतं. ब्लँक काडतुसात गोळी नसते, त्यामुळे स्वयंचलित बंदुकीची यंत्रणा फिरवण्याइतका दाब तयार होत नाही. म्हणून नळी आतून अरुंद करतात, आणि समोरून घेतलेल्या दृश्यात तोंडाचं भोक संशय यावा इतकं लहान दिसतं. ठिणगी उडते, पण स्लाइड जागची हलतही नाही? मग ठिणगी बहुधा नंतर संगणकावर घातलेली आहे आणि हातात एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे उडवणारी नकली बंदूक) किंवा निकामी प्रतिकृती आहे. मारामारीच्या दृश्यात रबरी बंदूक येते. तिचा ट्रिगर आणि भोवतीचं कडं एकाच ओतीव ठोकळ्याचा भाग असल्यासारखे दिसतात. एकाच प्रसंगात दोन कटांच्या मध्ये बंदूक बदललेली असते, तेव्हा एका चित्रावर निकाल देऊ नये.

माहितीकोश म्हणजे मुख्यतः आयएमएफडीबी (इंटरनेट मूव्ही फायरआर्म्स डेटाबेस) हे संकेतस्थळ. २००७ पासून चालू असलेला, कुणालाही भर घालता येईल असा हा कोश. चित्रपटाच्या नावाने शोधा किंवा बंदुकीच्या नावाने. दृश्यातलं थांबवलेलं चित्र आणि खऱ्या बंदुकीचा फोटो एकाखाली एक मिळतात. पण मला तो आवडतो नावांपेक्षा कारणांसाठी. 'डाय हार्ड' (१९८८) मधल्या टोळीच्या हातात एमपी५ (जर्मन सबमशीनगन) दिसतात. प्रत्यक्षात त्या एचके९४ या अर्धस्वयंचलित (एका दाबाला एकच गोळी सुटणाऱ्या) कार्बाइनी, म्हणजे आखूड रायफली, आहेत, नळी कापून आणि आतून बदल करून एमपी५ सारख्या केलेल्या. एमपी५ च्या नळीच्या टोकाशी तीन लहान कंगोरे असतात, ते इथे नाहीत. 'द वाइल्ड बंच' (१९६९) ची कथा १९१३ ची, म्हणून पात्रांच्या हाती कोल्ट १९११ (.४५ इंची काडतुसाचं अमेरिकन पिस्तूल) असायला हवं. पडद्यावर आहे स्पेनचं स्टार मॉडेल बी, जे त्या काळानंतरचं. कारण साधं: .४५ ची ब्लँक काडतुसं त्या वेळी धड चालत नसत, ९ मिलिमीटरची चालत. एकट्या डोळ्याने पाहणाऱ्याला हे कारण कधीच सापडलं नसतं.

कोशाची मर्यादाही स्पष्ट आहे. हॉलिवूडच्या बाहेर गेलं की पानं विरळ होत जातात. शिवाय नोंद लिहिणाराही तुमच्यासारखाच चित्र थांबवून पाहत असतो, म्हणून खूण न सांगता दिलेलं नाव मी कच्चंच धरतो.

फोटोशोधाबद्दल, म्हणजे चित्र देऊन इंटरनेटवर तशीच चित्रं शोधण्याबद्दल, थोडक्यात. चित्रपटाचं नावच माहीत नसेल, हाती फक्त एक पोस्टर किंवा सुटं चित्र असेल, तर सुरुवात इथूनच होते. तो घराणं बरोबर सांगतो, पण उपप्रकारात वारंवार चुकतो, आणि खरी बंदूक व तिची हुबेहूब एअरसॉफ्ट प्रतिकृती यांत त्याला फरक करता येत नाही. सजवलेल्या बंदुकीपुढे तर तो हमखास अडखळतो. 'स्टार वॉर्स' (१९७७) मधल्या हान सोलोचं शस्त्र माउझर सी९६ या जुन्या जर्मन पिस्तुलावर बेतलेलं आहे. फोटोशोध तुम्हाला त्याच्या खेळण्यांच्या दुकानात नेऊन सोडेल. ट्रिगरच्या पुढे असलेलं मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ डोळ्यालाच दिसते.

कानावर मात्र अजिबात विसंबू नका. आवाज नंतर स्टुडिओत चढवलेले असतात. बाहेर हॅमर नसलेल्या ग्लॉकमधूनही हॅमर ओढल्याची 'खटक' ऐकू येते.

तेव्हा निवड अशी. पाहताना सहज कुतूहल वाटलं, तर थेट कोश उघडा. पाच मिनिटांत समाधान होईल. चित्रपटाच्या काळाशी शस्त्र जुळतं का यावर लिहायचं असेल, तर आधी स्वतः पाहून अंदाज कागदावर लिहा आणि मगच कोशाशी ताडा. उलट क्रमाने गेलात तर कोशाने सांगितलेलं तेवढंच दिसू लागतं. प्रतिकृती बनवायची असेल, तर डोळ्याचंच काम: काडतूस बाहेर पडण्याची खिडकी दिसेल असं उजव्या बाजूचं एक चित्र, खटके दिसतील असं डावीकडचं एक आणि नळीच्या तोंडाचं एक.