ॲक्युलॉन की प्रोस्टाफ: चितळ-सांबर पाहण्यासाठी परवडणारी दुर्बीण

दोन वर्षांपूर्वी नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानातून मी हौसेने एक दुर्बीण घेतली. खोक्यावर २०×५० असा आकडा ठळक छापला होता, भिंगांवर लालसर-नारिंगी चकाकी होती, आणि विक्रेत्याने समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवल्यामुळे माझी खात्रीच पटली. पुढच्याच आठवड्यात सिल्लारी गेटमधून पेंचमध्ये गेलो, तेव्हा सकाळच्या अर्धवट उजेडात नाल्याच्या काठी एक सांबर नर उभा होता आणि त्या दुर्बिणीतून मला फक्त हलणारा काळपट डाग दिसत होता. शेजारी बसलेल्या मुलीने तीनदा विचारले, "बाबा, शिंगं किती आहेत?" आणि तिला उत्तर देण्याआधीच सांबर बांबूत शिरले. त्या अनुभवानंतर मी नीट चौकशी करून, बऱ्याच दुर्बिणी डोळ्यांना लावून, शेवटी ८×४२ मापाच्या निकॉन ॲक्युलॉन ए२११ आणि निकॉन प्रोस्टाफ पी३ या दोन दुर्बिणींपर्यंत पोहोचलो. नागपूरहून पेंच, ताडोबा, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला नेमाने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

माझे आजोबा बोल्ट ॲक्शन रायफल बाळगणाऱ्या पिढीतले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो काळ संपला आणि ते योग्यच झाले. पण रायफलीवरच्या दुर्बिणीविषयी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आजही तंतोतंत लागू पडते. हरिण उजाडताना आणि मावळताना बाहेर पडते, म्हणून भिंग किती जवळ आणते यापेक्षा कमी उजेडात किती स्पष्ट दाखवते हे आधी पाहावे, असे ते म्हणत.

हे आकड्यांतही समजून घेता येते. ८×४२ मधला ८ म्हणजे दृश्य किती पट जवळ येते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. मागच्या भिंगातून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा तो व्यास. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते, पण अंधुक उजेडात ती पाच किंवा त्याहून अधिक उघडते. माझ्या पहिल्या दुर्बिणीचा हा गोल छापील आकडे खरे धरले तरी अवघा अडीच मिलिमीटर होता, म्हणून दुपारी दुकानात जी पाटी लख्ख दिसली तिच्यासारखे पहाटे जंगलात काहीच दिसले नाही. शिवाय वीस पट जवळ आणताना हाताचा कंपही वीस पट वाढतो, आणि जिप्सीत मागच्या बाकावर कोणी नुसती कूस बदलली तरी चित्र उडते. दहा पटीची दुर्बीण तळ्याकाठी उभे राहून पक्षी पाहणाऱ्यांना चालते. जिप्सीत बसून हरणे पाहणाऱ्याने आठवरच थांबावे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडच्या जंगलाची जातकुळीही लक्षात घ्यायला हवी. साग आणि बांबूच्या दाटीत हरिण फार लांब दिसतच नाही. बहुतेक वेळा ते पन्नास ते दीडशे मीटरच्या आत असते आणि फांद्यांच्या मागून तुकड्या-तुकड्यांनी दिसते. अशा वेळी दृश्याची रुंदी फार कामाला येते. ॲक्युलॉनचे दृश्यक्षेत्र ८ अंशांचे आहे, म्हणजे शंभर मीटरवर सुमारे १४ मीटर रुंद पट्टा एका वेळी नजरेत येतो, प्रोस्टाफचे ७.२ अंशांचे असल्याने तोच पट्टा साडेबारा मीटरच्या आसपास राहतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण चितळांचा कळप रस्ता ओलांडत असताना मागे राहिलेले पाडस शोधायचे असेल, तर तो लगेच जाणवतो.

ॲक्युलॉन जुन्या धाटणीची, म्हणजे खांद्यासारखी रुंद पोरो प्रिझमची दुर्बीण आहे (प्रिझम म्हणजे उलटे चित्र सुलट करणारी आतली काच). या रचनेत पुढची भिंगे एकमेकांपासून दूर असल्यामुळे खोली छान जाणवते. पुढचे गवत, मधला चितळ आणि मागचा पळस असे थर वेगवेगळे उठून दिसतात. फोकसचे चाक मोठे आहे, हिवाळ्यात हातमोजे घालूनही ते सहज फिरते. दोन्हींपैकी स्वस्तही हीच. पण तिचे वजन ७५५ ग्रॅम आहे आणि ती जलरोधक नाही. चष्मा लावणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे तिचा आय रिलीफ, अर्थात डोळा भिंगापासून किती अंतरावर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते ते अंतर, १२ मिलिमीटर आहे. चष्मा न काढता पाहायचे तर साधारण १५ मिलिमीटर तरी लागतात. माझ्या चष्म्यातून पाहताना कडेचा भाग कापला जायचा, आणि ज्या रुंदीसाठी ही दुर्बीण घ्यायची तीच हातची जायची. चष्मा नसणाऱ्याला ही अडचण येणार नाही.

प्रोस्टाफ पी३ सरळ नळ्यांची, रूफ प्रिझमची आहे. वजन ५६५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोनशे ग्रॅमने कमी, आणि चार तासांच्या सफारीत मानेला हा फरक कळतो. आत नायट्रोजन भरलेला असल्याने भिंगे आतून धुरकटत नाहीत, आणि ती जलरोधकही आहे. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असले तरी पावसाळ्यात गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात फिरणाऱ्यांना याची किंमत कळेल. तिचा आय रिलीफ २० मिलिमीटरहून थोडा अधिक आहे. चष्मा लावूनही मला गोल पूर्ण दिसतो. ती तीन मीटरपर्यंत जवळचे दाखवते, ॲक्युलॉनला पाच मीटर लागतात. हरणांसाठी हे बिनमहत्त्वाचे, फुलपाखरांसाठी मात्र नाही.

दुकानात दुर्बीण पारखताना समोरची पाटी वाचून समाधान मानू नये. ती हातभर लांब धरून उजेडाकडे करावी आणि मागच्या भिंगांतले प्रकाशाचे गोल पाहावेत. ते स्वच्छ गोल असतील तर ठीक. कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर प्रिझमची काच हलकी आहे असे समजावे. भिंगावरची चकाकी हिरवट किंवा जांभळट असावी. भडक लाल-नारिंगी लेप दिसला की ती दुर्बीण खाली ठेवावी. मग डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने फोकस करावा, त्यानंतर फक्त उजव्या डोळ्याने पाहत उजवीकडचे डायऑप्टरचे, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारे, कडे फिरवून चित्र स्पष्ट करावे. एवढे करूनही दोन प्रतिमा दिसत असतील किंवा मिनिटभरात डोळ्यांवर ताण येत असेल, तर नळ्या एका रेषेत नाहीत, आणि ती दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. शक्य असल्यास संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी दुकानात जावे, कारण चांगल्या-वाईटातला फरक त्याच उजेडात उघडा पडतो. मी दोन्ही दुर्बिणी उसन्या मिळवून अंबाझरी तलावाच्या काठावर पहाटे तपासल्या. पलीकडच्या काठावरची झाडे दोन्हींतून उघड्या डोळ्यांच्या आधी दिसू लागली.

आपल्याकडे पावसापेक्षा धूळ अधिक त्रास देते. मे महिन्यात उघड्या जिप्सीतून परतल्यावर भिंगावर पिवळट थर बसलेला असतो, आणि गमछ्याने तो पुसण्याचा मोह हमखास होतो. तसे केल्यास धुळीचे कण लेपावर ओरखडे पाडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मऊ ब्रशने कण झटकावेत, आणि मगच मायक्रोफायबरचे कापड फिरवावे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर दुर्बीण ठेवू नये, हेही आवर्जून सांगतो.

मी प्रोस्टाफ घेतली, कारण मला चष्मा आहे. धाकट्या बहिणीला चष्मा नाही. तिला मी ॲक्युलॉन सुचवली आणि ती तिच्यावर खूश आहे. किमती वरचेवर बदलतात, म्हणून इथे देत नाही. पण ॲक्युलॉनपेक्षाही कमी पैसे असतील तर मोठ्या आकड्याची नवी दुर्बीण घेण्याऐवजी नामांकित कंपनीची ८×४० किंवा ८×४२ वापरलेली, वर सांगितल्याप्रमाणे तपासून घ्यावी.

गेल्या थंडीत पुन्हा सिल्लारीलाच गेलो. गाइडने इंजिन बंद करायला लावले, मी कोपर जिप्सीच्या दांड्यावर टेकवले. साठेक मीटरवर एक लहानसे जनावर मान वर करून उभे होते. उघड्या डोळ्यांना ते भेकर वाटत होते. दुर्बिणीत पाहिले तर पुढच्या पायांवरून खाली उतरणारी गडद रेघ दिसली आणि कपाळावर, मागच्या सरळ शिंगांच्या पुढे, बोटाच्या पेराएवढे आणखी दोन खुंट. तो चौशिंगा होता. मी दुर्बीण मुलीच्या हातात दिली, तिने थोडा वेळ फोकसचे चाक फिरवले, स्थिरावली, आणि हळू आवाजात मोजले, "एक, दोन, तीन, चार."