दसऱ्याला कोणते फूल: उंच झेंडू, मखमली झेंडू की शेवंती?

गोव्यात पाऊस जूनला येतो तो सप्टेंबर सरेपर्यंत हलत नाही, आणि लगेच दसऱ्याचे तोरण दारात हवे असते. या कात्रीत टिकेल असे झाड निवडायचे आहे. माझे मत आधीच सांगते: कुंडीत मखमली झेंडू, परसात उघडी जागा असेल तर उंच झेंडू, आणि शेवंती फक्त कळ्या धरलेली विकत आणावी.

तिन्ही झाडे सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो असंख्य बारक्या फुलांचा गुच्छ असतो. झेंडूची पाकळी उपटून पाहा, खाली काडीसारखे बी चिकटलेले दिसेल.

रोपवाटिकेत सगळाच ‘झेंडू’ असतो, म्हणून ओळख पटवून घ्या. मखमलीचे रोप बुटके, पसरणारे, देठावर बऱ्याचदा तांबूस झाक. फूल दोन-तीन बोटांएवढे, पिवळ्या-केशरीवर काळपट तांबडे डाग. उंच झेंडू कमरेपर्यंत जातो आणि त्याचा देठ गोंड्याच्या खाली फुगीर, पोकळ असतो. पान उजेडासमोर धरले की दोन्हींत तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात, उग्र वास त्यांचाच. शेवंतीचे पान एकसंध पण कापलेल्या कडांचे, खालून करडे. तिथे फसायला होत नाही.

खरा फरक पावसात कळतो. उंच झेंडूचा भरगच्च गोंडा पाणी पितो, पोकळ देठ त्या वजनाने मान टाकतो आणि दोन दिवसांत आतल्या पाकळ्या तपकिरी होऊन कुजतात. काठीचा आधार दिला तरी कूज थांबत नाही. झाड पत्र्याखाली ठेवावे तर ऊन मिळत नाही. मखमलीचे फूल लहान, पाणी ओघळून जाते. एखादे कुजले तरी मागे कळ्या तयार असतात, फक्त वाळलेली फुले खुडत राहायची.

वेळेचा हिशेबही मखमलीच्या बाजूचा. पेरल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत ती फुलते. बाजारातल्या संकरित उंच झेंडूला दोन ते अडीच महिने धरा. पाकिटावरची जात मात्र वाचा: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा नारंगी गेंदा’ फुलायला सव्वाशे दिवसांच्या आसपास घेते, म्हणजे दसऱ्यासाठी ती पावसाच्या तोंडावरच पेरावी लागेल. गेल्या वर्षीच्या तोरणातले बी टाकून पाहायला हरकत नाही. काळे, भरीव तेवढे घ्या, पांढुरके पोकळ असते. संकरित फुलाचे बी आईसारखे निघेलच असे नाही.

माती दोघांना एकच. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, झेंडूला ती थोडी उदासीन लागते, म्हणून चिमूटभर चुना आणि भरपूर शेणखत. पाणी साचले की मुळे गेली, तेव्हा कुंडीचे भोक मोकळे ठेवा. वांग्याच्या वाफ्याशेजारी झेंडू लावायचा असेल तर जरूर लावा; त्याच्या मुळांतले द्रव्य सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म कृमींना, मारक असते.

आता शेवंती. फुलायला तिला लांब, अखंड अंधाराची रात्र लागते. पणजीत सर्वांत मोठा दिवस साधारण 13 तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा. फरक थोडा, पण थंडीच्या तोंडाशी कळ्या धरतात. बाल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या पडवीतला, दिवा रात्रभर चालू असेल तर मात्र झाड नुसती पानेच काढत बसते. शिवाय तिला रात्री गारवा आवडतो, तो आपल्याकडे बेताचाच. सगळ्यांत कठीण म्हणजे मूळ झाड पावसाळ्यातून वाचवणे. मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिल्ले, काढून वेगळ्या कुंडीत, वळचणीच्या आत, जेमतेम ओलसर ठेवावे लागतात. हौस असेल तर करा. दसऱ्याला ती हमखास मिळेल असे धरू नका.

एक सावधगिरी. जमीन झाकायला कुणी तीन टोकांच्या पानांची, पिवळ्या फुलांची पसरणारी वेडेलिया फुकट दिली तर घेऊ नका. तीही याच कुळातली. एकदा मुळे धरली की शेजाऱ्याच्या माडापर्यंत पोचते.

शेवंतीची कुंडी घेताना पूर्ण उमललेली टाळा. कळ्या टपोऱ्या आणि कडेने रंग दाखवणाऱ्या हव्यात, आणि कुंडीच्या भोकातून डोकावणारे मूळ पांढरे. ते तपकिरी, लिबलिबीत असेल तर पुढच्या टपरीकडे चला.