मूव्हिंग ॲव्हरेजची रेडीमेड स्क्रिप्ट, दोन महिने वापरून झाल्यावर

नाव नाही लिहीत, उगाच भांडण नको, पण बिटकॉइनचा ट्रेंड दाखवणारी एक रेडीमेड पायथन स्क्रिप्ट विकत घेतली होती, दोन महिने रोज चालवली. तीन स्टार. आधी चांगलं सांगतो, सीसीएक्सटी नावाच्या पायथन लायब्ररीने एक्स्चेंजवरून कॅन्डल (ठरावीक काळातले भाव) खेचते, पांडाज या हिशेबाच्या लायब्ररीत ५० आणि २०० दिवसांची सरासरी, म्हणजे मूव्हिंग ॲव्हरेज, काढते, चार्ट समोर ठेवते. हिशेब चोख, मी शीटमध्ये ताळा करून पाहिलाय. २०० ची रेघ पहिले १९९ दिवस दिसत नाही, घाबरू नका, २०० क्लोज (दिवसाचे शेवटचे भाव) जमल्याशिवाय सरासरी निघणार कुठून.

आता डोकेदुखी. संध्याकाळी चालवली तर 'बाय', म्हणजे विकत घ्या असा सिग्नल, सकाळी बघतो तर तो बाय गायब! आधी वाटलं आपणच काहीतरी चुकीचं दाबलं, मग कोड उघडून बसलो तेव्हा कळलं की एक्स्चेंजकडून येणारी शेवटची कॅन्डल आजची असते, अजून चालू असलेली, डेली कॅन्डल बंद होते यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) रात्री १२ ला, आणि ही बया तो अर्धवट भावच क्लोज म्हणून धरते. डेटामधली ती शेवटची ओळ उडवली, विषय संपला.

खरा घोळ बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर सिग्नल चालवून नफा मोजतात त्यात. तासाच्या कॅन्डलवर ९ आणि २१ ची ईएमए (ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी), नफ्याचा ग्राफ असा की नोकरी सोडावीशी वाटेल. पण ज्या कॅन्डलच्या क्लोजवर सिग्नल आला त्याच कॅन्डलचा अख्खा नफा खिशात घातलाय, म्हणजे पेपर फोडून परीक्षेला बसल्यासारखं. पोझिशनच्या (कॉइन हातात आहे की नाही त्या) कॉलमला शिफ्ट १ लावलं, म्हणजे नफा पुढच्या कॅन्डलपासून मोजला, प्रत्येक व्यवहाराला ०.१ टक्का फी धरली, आणि तो डोंगर पार सपाट झाला.

बाकी उशिरा सिग्नल येतो म्हणून स्क्रिप्टला शिव्या देऊ नका, सरासरी मागचंच बघणार. २०२० चा डेटा लावून बघा, फेब्रुवारीत गोल्डन क्रॉस (५० ची रेघ २०० च्या वर गेली), १२ मार्चला भाव एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त आपटला, आणि डेथ क्रॉस (५० ची रेघ २०० च्या खाली) आला मार्चच्या शेवटी, पडून झाल्यावर! तेव्हा घाबरून विकणाऱ्याने वर्षअखेरीस २८ हजार डॉलरच्या वरचा भाव लांबूनच बघितला.

शिफ्टचं विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. अहो, एका ओळीचं काम आहे ते. घेतलीच असेल तर स्वतःच करून घ्या.