डब्यापुरती मैत्री की घरोबा?

सहकाऱ्यांशी मैत्री करताना दोन वाटा समोर असतात: दुपारच्या डब्यापुरती ओळख ठेवायची, किंवा तिचा घरोबा होऊ द्यायचा.

डब्याच्या मैत्रीला फारसे काही लागत नाही. एकाच्या शेंगदाण्याच्या चटणीतला वाटा दुसऱ्याला मिळतो, रजेच्या दिवशी कोणीतरी टेबल सांभाळून घेतो, आणि बदली झाली की कसलीही कुरबूर न होता निरोप घेता येतो. मात्र साहेबांनी नाहक झापले, तर बाजूने उभे राहण्याइतके हे नाते सहसा मुरलेले नसते.

घरोब्याचे तसे नाही. आजारपणात रात्रभर रुग्णालयात थांबणारा सहकारी त्यातूनच मिळतो. पण पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतील कर्जाला जामीन राहण्याची गळही तोच घालतो. तिथे भिडेखातर केलेली सही महागात पडू शकते, कारण हप्ते थकले तर संस्था जामीनदाराकडेही वसुलीसाठी येते, आणि सभासदाने तसा करार करून दिलेला असल्यास त्याच्या पगारातून थेट कपात करण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये आहे. शिवाय दोघांपैकी एकाला बढती मिळाली की दुसऱ्याचा गोपनीय अहवाल मित्रानेच लिहायचा, हा अवघडलेपणा वेगळाच.

म्हणून घरोबा करायचाच असेल, तर तो दुसऱ्या विभागातील माणसाशी करावा, असे माझे मत आहे; शेजारच्या टेबलाशी डब्याचीच मैत्री बरी, निदान नोकरीची पहिली एकदोन वर्षे तरी.